त्याला जास्त, हिला कमी

मंगळवार, ४ तारीख

सिस्टरने वही दिली. ताप किती, उलटी कधी, पोटात काय गेलं ते लिहीत जा म्हणाली. ते मी पुढून लिहिते. हे मागून. मागून कुणी बघत नाही.

सातवीनंतर पेन हातात धरलं ते सही करायलाच. काज-बटणाच्या कामात लिहायचं काय असतं? पण इथे बोलायला माणूस नाही. हे गाडीवर असतात, माल पोचवून आठवड्यातून एकदा येतात. सासूबाई धाकट्याला घेऊन घरी. फोनवर मी रडले की त्या रडतात, त्यांचं बघून धाकटा रडतो, मग फोन कोण ठेवणार यावरून भांडण.

माझ्या गुंडीची गाठ काढून आठवडा होत आला. डोक्यात मागच्या बाजूला होती, मानेच्या वर. सात वर्षांची पोर, मान एकीकडे कलते, चालताना भिंत धरते. तोंड मात्र पहिल्यासारखंच चालू आहे, त्याला भिंत लागत नाही.

शेजारच्या खाटेवर एक मुलगा आहे, पाच वर्षांचा. त्याची आई त्याला राजे म्हणते. राजे, दूध घेता का. राजे, पाय वर घ्या. त्याची गाठपण तिथलीच, ऑपरेशन त्याच आठवड्यात, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठीचं नावही एकच. लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी गाठच म्हणते.

आज राजे भिंत न धरता दारापर्यंत गेला. सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. गाठ तीच, टेबल तेच, मग माझी पोर का नाही?


शुक्रवार, ७ तारीख

राजेच्या आईला मी मनात चष्मेवाली म्हणते. शिकलेली आहे, कुठल्यातरी ऑफिसात बसते. डॉक्टरीणबाई आल्या की ही इंग्रजीत बोलते, त्या इंग्रजीत सांगतात, दोघी माना हलवतात. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळतात आणि हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं मराठीत सांगतात. मला वाटतं तिला पुरा तांब्या मिळतो आणि मला तळाचा घोट.

आज सांगितलं की काढलेल्या गाठीचे तुकडे मोठ्या प्रयोगशाळेत गेलेत. मी विचारलं, नाव तर कळलंय, आता काय बघायचं राहिलं? त्या म्हणाल्या, काचेखाली दोघांचे तुकडे अगदी सारखे दिसतात. बारीक निळे दाणे, एकाला एक चिकटलेले. पण प्रत्येक दाण्याच्या आत पुष्कळ बटणं असतात. कुठलं अडकून चालू राहिलं, कुठलं बंदच पडलं, हे वरून दिसत नाही. आत जाऊन तपासलं की गाठीचा गट कळतो, आणि गटाप्रमाणे पुढचं औषध.

बटण म्हटल्यावर मी कान टवकारले, ते माझं खातं. पण ही दिव्याची बटणं.

तरी मला कळलं. आमच्याकडे कामावर दोन निळी कापडं आली की हाताला सारखीच लागतात. मालकीणबाई एक धागा ओढतात, काडी लावतात. जळक्या कागदाचा वास आला आणि राख झाली तर सुती. गुठळी झाली तर प्लास्टिकचा धागा. इस्त्री किती तापवायची ते मग ठरतं. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगदी बरोबर, मी आता सगळ्यांना असंच सांगणार. चष्मेवालीने वळून माझ्याकडे पाहिलं. दिवसभर बरं वाटलं मला.


शनिवार, १५ तारीख

दवाखान्यातून सुट्टी झाली, पण घरी जायचं नाही. मागच्या गल्लीत पेशंटच्या माणसांसाठी खोल्या आहेत, तिथे राहायचं. आमची खोली जिन्याजवळ. चष्मेवालीची बरोबर समोर. म्हणजे इथेही आहेच. स्वयंपाकघर एक, शेगड्या दोन, आणि चांगल्या ज्योतीच्या शेगडीवर रोज सकाळी हिचं पातेलं आधी.

गुंडी भिंत सोडून चालायला लागली. मी कुणालाच सांगायला धावले नाही. तीच धावली, म्हणजे डुलत गेली, समोरच्या खोलीत. मावशी, बघा. चष्मेवालीने तिला उचलून घेतलं. आत दोघी खूप वेळ हसत होत्या. माझ्याजवळ इतकी हसली नाही ती ऑपरेशन झाल्यापासून. मी दारातूनच ओरडले, चल, औषधाची वेळ झाली. औषधाची वेळ झाली नव्हती.


शुक्रवार, २१ तारीख

गट आला. दोघांचाही.

आधी आम्हाला बोलावलं. हे मुद्दाम रजा काढून आले होते. डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या, चहाचा कप हातात. म्हणाल्या, चांगली बातमी आहे, ही ऐकणारी गाठ आहे, औषधाला ऐकते. आता किरणं द्यायची, इथे सगळे त्याला लाईट म्हणतात. डोक्याला आणि पूर्ण पाठीच्या कण्याला. पण हिला कमी देऊन भागेल. नंतरच्या औषधाच्या बाटल्याही कमी. ह्यांनी दोनदा धन्यवाद म्हटलं. कप रिकामा व्हायच्या आत आम्ही बाहेर.

मग ते दोघं नवराबायको आत गेले. त्यांच्यासाठी तीन डॉक्टर. एक तर मोठे, टकलेवाले, ते आमच्याकडे कधी फिरकलेही नाहीत. दार बंद. आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला, गुंडीची झोप झाली, तरी दार बंदच. मी ह्यांना म्हटलं, बघा, मोठ्या माणसांना वेळ असतो. हे म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तोच तिने विचारलं, तुमचा कुठला गट? मी कागद दिला. तिने वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली. मग म्हणाली, छान झालं हो. आणि गॅस बंद करून निघून गेली. दूध अर्धवट तापलेलं तसंच ओट्यावर.

माणसाने निदान तोंडदेखलं तरी हसावं.


रविवार, २३ तारीख

आज कळलं. राजेने गुंडीला सांगितलं, गुंडीने मला. त्याला लाईट जास्त. बाटल्या जास्त, त्यापण मोठ्या. छातीत एक नळी बसवणार, औषधासाठी खास. आमच्या पोरीला मात्र सगळंच कमी.

गाठ सारखी. काचेखाली सारखी, त्यांनीच सांगितलं. मग एका पोराला वाडगाभर आणि दुसऱ्याला चमचाभर हे कसं? मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मापात पाप करतायत, दुसरं काय. मशीन एक, पोरं ढीगभर, कुठेतरी कापणारच. कापायचं झालं की कुणाचं कापतात? ज्याला तोंड उघडता येत नाही त्याचं.

हे म्हणाले, अगं, त्या म्हणाल्या ना की चांगली बातमी. मी म्हटलं, देताना हात आखडता घ्यायचा असला की आधी गोड बोलतात. लग्नात तुमच्या मामांनीही असंच केलं होतं. त्या मामांचं नाव काढलं की ह्यांना गाडीचं काहीतरी काम निघतंच.


मंगळवार, २५ तारीख

आज मुखवट्याचा दिवस होता. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर दाबून बसवतात, थंड झाली की तोंडाचा साचा तयार. लाईट देताना तो घालून डोकं टेबलाला बांधायचं, हलू नये म्हणून. खोलीत फळीवर मुखवटे ओळीने लावलेले. राजेचा होता, त्यावर मिशा काढलेल्या. गुंडी म्हणाली, मलापण मिशा.

मी सांगितलं, आम्हाला मुखवटा नको. आधी ठरवा.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. काय ठरवायचं? मी म्हटलं, त्या मुलाला जेवढं देता तेवढंच माझ्या मुलीला द्यायचं. काडीनेही कमी नको. त्यांनी मला बसवलं. सांगायला लागल्या, जास्त म्हणजे चांगलं असं नसतं, कण्याला जास्त लाईट दिली तर उंची खुंटते, डोक्याला दिली तर अभ्यासात मागे पडते, कानाला कमी येऊ शकतं. तिला गरज नाही, मग कशाला पोळायचं?

मी विचारलं, "मग त्याला का देता? त्याच्या आईला इंग्रजी येतं म्हणून त्याचं नुकसान करताय का?"

म्हणाल्या, दुसऱ्या पेशंटबद्दल मला बोलता येत नाही.

पकडलं म्हटलं. इतकी शिकलेली बाई, पण उत्तर नाही. सही न करता गुंडीचा हात धरून निघाले. वाटलं, एकदा तरी आपण लेकीसाठी तोंड उघडलं.


गुरुवार, २७ तारीख

डॉक्टरीणबाईंचा ह्यांना फोन गेला. ऑपरेशननंतर फार उशीर करायचा नाही, एखादा दाणा राहिला असेल तर तो वाढायला लागेल. ह्यांनी गाडी बाजूला लावून मला फोन केला. तू डॉक्टर आहेस का, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही आहात का? मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

समोरच्या खोलीतून राजे रोज सकाळी लाईटला जातो. नवा टी-शर्ट, पुढून उघडणारा, नळीसाठी. आईच्या कडेवर, बाबांच्या हातात पिशवी. मी खिडकीतून बघते आणि अंगाचा तिळपापड होतो. आज परत आल्यावर जिन्यातच ओकला. त्याचे बाबा जिना पुसत होते, स्वतः, कुणाला हाक न मारता. पुसून झालं तरी त्याच पायरीवर फडकं फिरवत होते. मला तेवढंच दिसलं की औषध लागू पडतंय, म्हणून ओकतोय. माझी पोर बसलीय कोरडी.

गुंडी कालपासून पाय घसरला म्हणते. घसरण्यासारखं काही नाही फरशीवर. मी सारखं तिला चालायला लावते आणि बघते.


शनिवार, २९ तारीख

हे जसं झालं तसं लिहिते.

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. चष्मेवाली वर आली. हातात बादली नाही, काही नाही. चष्माही नव्हता. मला म्हणाली, गुंडी काय सांगत होती माझ्याकडे येऊन, माहीत आहे का? "मावशी, राजेची थोडी लाईट मला द्या ना, आई रागावलीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं तोंड म्हणजे फुटका माठ. पण मग वाटलं, बरंच झालं. म्हटलं, "खरंच आहे ते. दोघांचं एकच असताना तुमच्याला जास्त का?"

ती भांडेल असं वाटलं होतं. ती पाण्याच्या टाकीला पाठ लावून खाली बसली.

"घ्या," म्हणाली. "सगळी लाईट घ्या. बाटल्या घ्या, नळी घ्या. त्याची गाठपण घ्या. आणि तुमच्या मुलीची मला द्या."

मला काही कळेना. मग ती बोलत गेली, सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. राजेचा गट सगळ्यात वाईट. गाठ काढली, पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातही तिचे दाणे सापडले. ही गाठ ऐकत नाही, म्हणून एवढा मारा करायचा. त्याने त्याचे कान जातील, तो ठेंगणा राहील, शाळेत मागे पडेल, आणि हे सगळं तो वाचला तर. तीन डॉक्टर बसले होते ते हे सांगायला. एकट्याने सांगवत नाही म्हणून तिघं बसतात.

"तुमचा कागद बघितला त्या दिवशी," ती म्हणाली, "तुमच्या गटातली जवळजवळ सगळी मुलं मोठी होतात. मला तुमच्या मुलीकडे बघवत नाही आणि ती रोज येऊन माझ्या मांडीवर बसते. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. चांगली बातमी म्हणाल्या होत्या. मला वाटलं, समजूत काढतायत.

आता जे लिहिते ते कुणाला सांगणार नाही. ती समोर बसून पदराने नाक पुसत होती, आणि जवळजवळ सगळी मोठी होतात हे ऐकून माझ्या तोंडावर हसू आलं. आलंच. आवरता आवरेना. हातातलं ओलं फडकं तोंडावर धरलं, पण आधीच तिने बघितलं होतं. उठली, साडी झटकली आणि जिना उतरून गेली.


सोमवार, १ तारीख

सही केली. मुखवटा झाला, त्यावर मिशाही काढून घेतल्या. डॉक्टरीणबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पाय घसरतो त्याबद्दल सांगितलं तर त्यांनी गुंडीला रेषेवर चालवलं, डोळे तपासले, मग तिच्या चपला उलट्या करून दाखवल्या. तळ गुळगुळीत झालेले. नव्या घ्या म्हणाल्या.

उद्यापासून लाईट. गुंडीची वेळ राजेच्या लगेच आधी लावलेली. मी काउंटरवर जाऊन दुसरी वेळ मागितली. तिच्यासमोर रोज कुठल्या तोंडाने बसू? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला काही करायला नको, त्यांनी सकाळीच बदलून घेतली. ते आता दुपारी येणार.

म्हणजे तिलाही नकोय. सुटले असं वाटायला हवं होतं. चांगली शेगडीही सकाळी मोकळी होती, कुणाचं पातेलं नाही. मी माझं भांडं तिच्यावर ठेवलं आणि गॅस लावायचं सुचेना. आधी वाटायचं तिला सगळं मिळतं. आता वाटतं माझ्याकडे काहीतरी आहे आणि ते झाकून कुठे ठेवू.


सोमवार, ८ तारीख

गुंडीचा पहिला आठवडा नीट गेला. आत जाते, मिशा लावते, तो मुखवटा कंटाळवाणा आहे म्हणत बाहेर येते.

समोरचं दार बंदच असतं. राजे जेवत नाही असं सिस्टर म्हणाली. गुंडी रोज विचारते, राजे रागावलाय का? मी काय सांगू? आज तिने विचारलं, आई, तू त्याच्याशी कट्टी केलीस का?

परत काउंटरवर गेले. आमची वेळ दुपारची करा म्हटलं, त्यांच्या शेजारची. त्या बाईंनी मला वरून खाली बघितलं. म्हणाल्या, इथे वेळ म्हणजे काय लपंडाव आहे का? पण करून दिली.


बुधवार, १० तारीख

दुपारी आम्ही आधी जाऊन बसलो. गुंडीला आत घेतलं, मी बाकावर एका टोकाला बसले. ती आली, राजे कडेवर, तोंड कोमेजलेलं, केस गेलेले. मला बघून दारातच थांबली. परत फिरते की काय वाटलं. काय बोलणार? माझ्याजवळ जे होतं ते बोलण्यासारखं नव्हतं आणि तिच्याजवळ जे होतं ते मी आधीच ऐकलं होतं.

आतून सिस्टरने तिला हाक मारली, रक्ताचा रिपोर्ट घेऊन या, खालच्या मजल्यावरून. तिचा नवरा आज नव्हता. तिने इकडे तिकडे बघितलं. मग सरळ माझ्याकडे आली.

"धरा याला जरा," म्हणाली, आणि राजेला माझ्या मांडीवर ठेवून गेली.

पाच वर्षांचा मुलगा, पण धाकट्यापेक्षा हलका लागला. अंग कोमट होतं. नळीला धक्का लागू नये म्हणून मी हात कुठे ठेवू, कुठे नको करत होते, तोवर तो झोपलाही. गुंडी आतून बाहेर आली, कपाळावर जाळीचे ठसे. मला बघून तिचं तोंड एवढंसं झालं. हा इथे का, ही माझी आई आहे, त्याला उतरव, मला बसायचंय. ओढायला लागली माझी बाही.

तोवर चष्मेवाली परत आली होती. कागद हातात घेऊन उभी. घ्यायला हात पुढे केला आणि तो गाढ झोपलाय बघून मागे घेतला. बाकावर माझ्या बाजूला बसली, जरा अंतर ठेवून. नंबर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. मी त्याला उतरवलं नाही.

आता खोलीवर आलोय. गुंडी भिंतीकडे तोंड करून फुगून बसलीय, जेवत नाही म्हणते. मी समजूत काढली नाही. फुगू दे. मोठी झाली की विसरेल.